साखळीचं दुसरं टोक

"यात काय राहिलं, एवढंच सांगा."

अंगदनं कागद अंगणात पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. तरी वारा मधूनच खाली शिरायचा आणि कागद पोट फुगवायचा.

रखमाजीबाबा उंबऱ्यावर बसून टाचेतला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठनं मोजलंस?"

"मोजलं नाही, बाबा. हा नकाशा आहे. वादाचा नकाशा."

"नकाशा हाय म्हणतोस. मोजलं न्हाई म्हणतोस."

अंगदनं ओठ आवळले. चार दिवसांपूर्वी याच कागदाला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं होतं. उद्या ग्रामसभेत तो पंचायतीच्या भिंतीवर लागणार होता. सरपंच स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. आणि हा म्हातारा काट्यात गुंतला होता.

पण अंगद उठून गेला नाही. जायला दुसरी जागा नव्हती.

तीन गावांच्या शिवा जिथं एकत्र येतात तिथं एक दगड आहे. त्या दगडापासून थोडं वर, लिंबाच्या सावलीत बाबांचं खोपट. बाबा काही कुठल्या मठाचे नव्हेत. जमीन मोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं त्यांनी लोखंडी साखळी धरली. साहेब खुर्चीत बसायचे, कागदावर रेघा मारायचे. काट्याकुट्यातनं साखळी घेऊन जाणारे हे. नोकरी संपल्यावर गावात न जाता इथंच राहिले. अक्षर येत नाही. आकडे येतात.

बांधाचा तंटा झाला की लोक अजून त्यांच्याकडं येतात. बाबांची एक रीत आहे. आलेल्या माणसाला ते त्याची तक्रार सांगू देत नाहीत. आधी समोरच्याची बाजू सांग, म्हणतात. समोरच्यानं 'व्हय, माझं हेच म्हणणं हाय' अशी मान हलवली, की मग तुझी. बारा वर्षं कोर्टात भांडलेले दोन भाऊ एकदा इथं दुपारभर बसले. एकाची मान हलेपर्यंत ऊन कललं. मग दुसऱ्याला आपलं काही सांगावंसंच वाटलं नाही म्हणतात.

चेले बाबांनी कधी केले नाहीत. पण दोन पोरं लहानपणापासून त्यांच्या अंगणात वाढली. एक अंगद, शेतकऱ्याचा. दुसरा बिरू, धनगराचा. पाढे दोघांनी इथंच पाठ केले. शाळा इथून पुढं चार मैल. दहा वर्षं दोघं बरोबर चालत गेले, बरोबर आले. दहावीनंतर कॉलेजात नाव दोघांनी घातलं, पण दिवाळीनंतर बिरू मेंढरांमागं जायचा.

काटा निघाला. बाबांनी तो नखावर धरून बघितला, फुंकून टाकला, आणि मग कागदापाशी येऊन उकिडवे बसले.

"सांग."

अंगद सांगू लागला. गावाचं गायरान, सव्वाशे एकर माळ. त्यावर सरकारला उन्हावर वीज करायची आहे. काचांच्या रांगा बसतील. शेतीला दिवसा वीज मिळेल. ती लाल बाजू. आणि माळ गेला तर धनगरांची मेंढरं पावसाळ्यात कुठं चरायची? ती हिरवी बाजू. प्रत्येक मुद्दा एका चौकटीत. कुठला मुद्दा कुठल्याला तोडतो त्याचे बाण. आणि चौकटीच्या कोपऱ्यात दहापैकी गुण. मुद्दा किती वजनाचा, ते कळावं म्हणून.

तो चांगलं सांगत होता. त्याला ते माहीत होतं.

बाबांचं बोट हिरव्या बाजूवरून हळूहळू खाली आलं. एका चौकटीवर थांबलं.

"ह्याला एक दिलाय. बाकीच्याला सात, आठ. ह्याला एकच का?"

"तो... भावनिक मुद्दा आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे खरा आहे. पण निर्णय घेताना धरता येत नाही."

"काय हाय तो?"

अंगदनं घसा खाकरला.

"दगड."

"हिवराखालचा?"

"हो."

बाबांनाही तो दगड ठाऊक होता. बिरूची आई मेंढरांमागं असताना माळावरच अडली. बिरू हिवराच्या झाडाखाली जन्मला. आईनं नाळ तिथंच पुरली, वर डोक्याएवढा दगड ठेवला आणि संध्याकाळी पोर पदरात घेऊन मेंढरांबरोबर मुक्कामाच्या वाड्यावर आली. पुढं दोन वर्षांनी ती गेली. तिचा फोटो नाही. बिरूला आईचं म्हणून दाखवायला एक दगडच आहे. तिसरीत असताना त्यानं तो अंगदला दाखवला. बाबा सोडले तर गावात दुसऱ्या कुणाला दाखवला नाही.

बोट आता लाल बाजूला गेलं.

"ह्याला नऊ."

"तो महत्त्वाचा मुद्दा. रात्रीच्या विजेमुळं झालेले अपघात. तालुक्यात तीन वर्षांत सात माणसं गेली. आकडा पक्का आहे, बाबा. मी स्वतः दवाखान्यात जाऊन काढला."

"त्या सातात तात्या हायती?"

अंगद कागदाकडं बघत राहिला.

"आहेत."

"नाव लिवलंस?"

"अशा कागदावर नाव लिहायची रीत नसते."

बाबांनी मान डोलावली. रीत म्हटल्यावर त्यांना वाद नसायचा.

तात्या म्हणजे अंगदचे वडील. दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात गेले. वीज रात्री बाराला यायची. गव्हाला पाणी द्यायला गेले आणि पाटाच्या कडेला घोणस चावली. अंगद तेव्हा तालुक्याला, परीक्षेसाठी वसतिगृहात. त्या वर्षी कळप अजून खाली उतरला नव्हता, शेजारच्या रानात खतासाठी बिरूची मेंढरं बसवली होती. बिरूनंच तात्यांना पाठीवर घेऊन डांबरी गाठली. अंगद आला तेव्हा तात्यांच्या तोंडावर फडकं होतं.

त्या रात्रीबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. अंगदनं विचारलं नाही, बिरूनं सांगितलं नाही. दोन वर्षं ते खाली पडून होतं, जात्याच्या तळीसारखं. दोघं वरून दळत होते.

"बिरू कुठं हाय?" बाबांनी विचारलं.

म्हाताऱ्याला ते माहीत होतं. तरी विचारलं.

"गेला. मी सकाळी वाड्यावर गेलो होतो. लेंड्या आणि चुलीचे तीन काळे दगड. बाकी काही नाही."

दरवर्षी दिवाळीनंतर मेंढरं खाली नदीकाठाला उतरतात. दरवर्षी अंगद त्यांच्याबरोबर या शिवेच्या दगडापर्यंत चालत यायचा. इथं दोघं टेकायचे. बिरू म्हणायचा, अभ्यास कर, न्हाईतर माझ्यामागं मेंढरं राखाय यावं लागंल. अंगद म्हणायचा, तुझी मेंढरंसुद्धा मला नापास करतील. मग बिरू शीळ घालायचा आणि कळप हलायचा. धूळ खाली बसेपर्यंत अंगद उभा असायचा. जेठात कळप परत आला की धूळ आधी त्यालाच दिसायची.

या वर्षी बिरू न सांगता गेला. ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी.

"मी त्याची बाजू एका शब्दानं कमी केली नाही," अंगद म्हणाला. "उलट माझ्यापेक्षा त्याची जास्त चांगली मांडली. सभागृहात पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याच्या बाजूला. तुम्हीच सांगा, त्याला राग कशाचा आला?"

"कुणी मांडली?"

"मी."

"आन् तुझी?"

"ती... तीही मीच."

मग बाबांनी एकेक करून सगळं काढून घेतलं. कल्पना अंगदचीच होती. सरांनी गायरानाचा विषय दिला तेव्हा त्यानं बाबांची रीत सांगितली. अदलाबदल करू, म्हणाला. मी बिरूची बाजू मांडतो, बिरू माझी मांडेल. सरांना ते फार आवडलं. दोघांना अर्धा तास मिळाला. अंगद आधी उठला. बिरूची बाजू त्यानं दहा मिनिटांत मांडली. मग त्याला वाटलं, बिरूला सभेत बोलायची सवय नाही, अडखळेल, आपली बाजू लंगडी पडेल. म्हणून तीही मांडून टाकली. बाण दाखवले. गुण सांगितले. घंटा झाली. सर हसून म्हणाले, बिरू, तुला काही ठेवलं का रे यानं? पोरं हसली.

बिरू उभा होता. एक हात खिशावर होता. मग तो खाली बसला.

"तू त्याची बाजू सांगितलीस," बाबा म्हणाले. "बरं. त्यानं मान हलवली?"

"खाली घातली."

लिंबावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. बाबा उठले.

"साखळी घे."

साखळी दारातूनच पसरलेली असायची. एक मूठ आत, बाबांच्या पथारीपाशी. दुसरी बाहेर, लिंबाच्या बुंध्याला. येणारा-जाणारा तीत अडखळायचा, पण बाबांनी ती कधी गुंडाळून ठेवली नाही. खात्यात फिती आल्या, मग यंत्रं आली, तेव्हा ही जुनी साखळी भंगारात निघाली. बाबा ती मागून घेऊन आले. तेहतीस फूट. दोन्ही टोकांना पितळी मुठी. एक मूठ बाबांच्या हातानं झिजलेली, दुसरी गुलाब मुलाण्याच्या.

एकतीस वर्षं पुढच्या टोकाला बाबा आणि मागच्या टोकाला गुलाब. तेहतीस फुटांवरून बोलणं दर वेळी पोचायचं नाही. वारा असायचा, झुडपं असायची. पुढच्यानं एक हिसका द्यायचा, म्हणजे ताण बघ. मागच्यानं एक हिसका द्यायचा, म्हणजे धरलंय, चल. गुलाबला जाऊन आठ वर्षं झाली. बाबा अजून रोज दिवस मावळताना आतली मूठ हातात घेतात आणि एक हिसका देतात. मग थोडा वेळ थांबतात. मग मूठ खाली ठेवतात.

लहानपणी पोरं याला हसायची. एकदा बिरू हसायचा थांबला, गुपचूप लिंबामागं गेला आणि त्यानं तिकडून हिसका दिला. बाबा आतून लवकर बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी चूल पेटवली आणि दोघांना पिठलं करून वाढलं.

"हितनं शिवेच्या दगडापतुर मोज," बाबा म्हणाले.

अंगदनं एक मूठ उचलली, दुसरी बाबांच्या पुढं केली. बाबांनी ती घेतली, आणि त्याच्याच दुसऱ्या हातात दिली.

"मोज."

"दोन्ही टोकं माझ्याच हातात, बाबा. कसं मोजू?"

"तू हुशार हायस."

बाबा उंबऱ्यावर जाऊन बसले.

अंगद खरंच हुशार होता. त्यानं साखळीबरोबरची एक हातभर लोखंडी सुई मुरमात रोवली, मागची मूठ तिच्यात अडकवली, पुढची घेऊन चालत गेला. साखळी संपली तिथं दुसरी सुई. परत मागं येऊन पहिली उपटली, पुढं नेली. पुन्हा तेच. मुरूम भुसभुशीत होता. जरा ताणलं की मागची सुई उपटून यायची. म्हणून तो बेतानं धरू लागला. ऊन पाठीवर आलं होतं. एका साखळीला त्याला तीन वेळा चालावं लागत होतं.

शिवेच्या दगडापाशी तो पोचला तेव्हा घामानं निथळत होता.

"नऊ!" त्यानं तिथून ओरडून सांगितलं. "नऊ आणि वर थोडं."

"दगडावर काय कोरलंय?" बाबांनी वरून हाळी दिली.

अंगद वाकला. दगडाच्या पश्चिम अंगाला शेवाळाखाली एक आकडा होता. त्यानं तो अंगठ्यानं घासला. इतकी वर्षं या दगडाला टेकून बसला, पण कधी बघितला नव्हता.

"आठ."

"आमी ह्या लिंबापासनं मोजलं तवा आठ हुती. जाताना आठ, येताना आठ." बाबा थांबले. "जमीन वाढली का?"

अंगद साखळी गोळा करत वर आला. लिंबाखाली येऊन बसला.

"साखळी ढिली राहिली," तो म्हणाला. "सुई उपटत होती. म्हणून मी जोर केला नाही."

"सुई तुला काय म्हणली?"

"सुई काय म्हणणार?"

"गुलाब म्हणायचा."

अंगदनं मान वर केली.

"लई शिव्या द्यायचा. रखमाज्या, ढिली हाय. रखमाज्या, तुझ्या डोळ्यात माती, तिरका चाललास. एकतीस वरसं आमचं एका बांधावर कधी जमलं न्हाई. एकदा नदीच्या अंगाला अडीच दिवस आमी एकमेकाशी बोललो न्हाई." बाबांनी मूठ उचलून पायरीवर ठेवली. "पर टोक सोडलं न्हाई त्यानं."

अंगदनं कागदाकडं बघितलं. वाऱ्यानं एका कोपऱ्यावरचा दगड सरकला होता. हिरवी बाजू उलटी होऊन लाल बाजूवर पडली होती. मगाशी त्यानं ती लगेच सरळ केली असती.

"तो परत येईल का, बाबा?"

"जेठात."

"तसं नाही विचारत."

"मग मला इचारू नगस."

दुपार कलली होती. खाली वाट दिसत होती, पांढरी, रिकामी, दोन टेकड्यांच्या मधून वळणारी. अंगद तिच्याकडं बघत बसला. दरवर्षी ती वाट त्याला जेठाची वाटायची. आज पहिल्यांदा ती जाणाऱ्याची वाटत होती.

बाबा आत गेले. येताना त्यांच्या हातात घडी घातलेला कागद होता. वहीचा फाडलेला. घडीवर घामाचा पिवळा डाग.

"परवा मेंढरं हितनं गेली. बिरू दगडापाशी टेकला. किती येळ वाटंकडं बघत हुता. मग उठून ह्यो देऊन गेला. म्हणला, बाबा, माझ्यापाशी भिजंल." बाबांनी कागद पुढं केला. "मला अक्षर येत न्हाई. वाच."

अंगदनं घडी उघडली. बिरूचं अक्षर त्यानं लांबून ओळखलं असतं. मोठं, उजवीकडं झुकलेलं, कळपासारखं एकमेकांना रेटत चाललेलं.

वर लिहिलं होतं, *अंगदची बाजू*.

"वाच की," बाबा म्हणाले.

अंगद वाचू लागला.

"*सर आणि मित्रांनो. मला अंगदची बाजू सांगायची आहे. दिवसा वीज पाहिजे. मी तात्यांना पाठीवर घेतलं तेव्हा ते शुद्धीवर होते. बांधापर्यंत बोलत होते. आधी म्हणाले, बिरू, मोटर बंद कर, पाणी वाया चाललंय. मी म्हणालो, जाऊ द्या पाणी. तर रागावले. म्हणून मी त्यांना खाली ठेवून मोटर बंद केली आणि परत उचललं...*"

तो थांबला. बाबांनी वाट बघितली.

"*ओढ्यात म्हणाले, अंगदचा पेपर झाल्याशिवाय त्याला सांगू नका. मग म्हणाले, तुम्ही दोघं बरोबर जात जा, वाटेत ओढ्याला पाणी असतं. त्यांना वाटलं आम्ही शाळेत आहोत. मग डांबरी आली तेव्हा बोलत नव्हते.*"

अंगदनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि परत उचलला.

"*मोटर बंद करायला मी थांबलो ते मी अंगदला सांगितलेलं नाही. आज सांगतो.*"

अंगदनं ती ओळ पुन्हा मनात वाचली. पुढची वाचताना त्याला वेळ लागला.

"*दिवस असता तर तात्यांना साप दिसला असता. सापाला पण तात्या दिसले असते. तो निघून गेला असता. गायरान गेलं तर माझी मेंढरं दुसरीकडं चरतील. त्रास होईल. पण तात्या दुसरीकडं मिळत नाहीत. म्हणून दिवसा वीज पाहिजे. ही अंगदची बाजू आहे. माझी बाजू अंगद सांगेल. तो नीट सांगेल. त्याला दगड माहीत आहे.*"

एवढंच होतं.

अंगदनं कागदाची घडी घातली. चुकीच्या ठिकाणी घातली, उलगडली, जुन्या घडीवरच पुन्हा घातली. मग दोन्ही हातांनी धरून बसला. एका पानाला दोन हात लागत नाहीत.

बाबांनी तांब्या पुढं सरकवला. तो त्याला दिसला नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं खिशातलं लाल पेन काढलं आणि मोठ्या कागदापाशी गेला. तिसरी चौकट शोधली. नऊचा आकडा खोडायला पेन टेकवलं... आणि तसंच धरून राहिला. काय लिहायचं ते त्याला कळेना. नऊचे दहा केले असते तर हसू आलं असतं. हिरव्या बाजूला, सातव्या चौकटीत, दगडाला एक होता. त्याच्यापुढंही पेन थांबलं.

पेनाची शाई कागदावर पसरत गेली. रुपयाएवढा डाग झाला.

"उद्या ग्रामसभा आहे," तो म्हणाला. "सगळं गाव येणार. सरपंचांनी भिंत रिकामी करून ठेवली आहे. मी नसलो तर बाजू कोण मांडणार?"

"कुणाची?"

अंगदनं एकेक दगड उचलून बाजूला ठेवला. कागद गुंडाळला, दोरी बांधली आणि खोपटाच्या कुडाला टेकवून ठेवला. बिरूचं पान शर्टाच्या आतल्या खिशात घातलं.

"मी बिरूमागं जातो. ग्रामसभा पुढं ढकला म्हणून सरपंचांना निरोप धाडतो," तो म्हणाला. "नाही ढकलली तर हा लावू नका म्हणतो. अर्धाच आहे."

"आन् सरपंच हसला तर?"

"हसू द्या."

बाबा पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघत होते. पायरीवरून उठले. लिंबाच्या बुंध्याशी गेले, वाकून साखळी गोळा करू लागले. कडीवर कडी, सवयीनं, न बघता. सगळी जुडी झाल्यावर तिला तिच्याच टोकानं आवळलं आणि अंगदच्या हातात दिली.

जुडी जड होती. अंगदला ती दोन्ही हातांनी धरावी लागली. वर दोन पितळी मुठी. एक त्यानं ओळखली. दुसरी आतून जास्त झिजलेली होती, मागं धरणाऱ्याची.

"ही न्यायची?"

बाबांनी मान हलवली.

"मग दिवस मावळताना तुम्ही..."

बाबा आकाशाकडं बघत होते. दिवस अजून हातभर वर होता.

अंगदनं साखळी खांद्यावर घेतली. दोन पावलं उतरला, थांबला. खाली ती पांढरी वाट होती. धूळसुद्धा कधीच बसली होती. त्याला एकदम आपण फार लहान वाटलो, आणि वाट फार लांब.

"बाबा, तो दोन मुक्काम पुढं गेलाय. आणि ही तेहतीस फुटांची."

"हिनंच आमी अख्खा तालुका मोजला."